तीन मिनिटे ज्यांची, त्यांना

गौतमराव मिस्त्री यांची व माझी पहिली भेट कोल्हापूरच्या उद्यमनगरातील त्यांच्या गॅरेजच्या दारात झाली. त्या भेटीत पहिला पाऊण तास त्यांनी माझ्या गाडीकडे पाहिलेही नाही. मी गाडी उभी केली, बॉनेट उघडण्यासाठी पुढे झालो, तोच ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मामा. आधी बसा." एक लोखंडी खुर्ची पुढे आली. चहा आला. मग ते माझ्यासमोर पालथ्या डब्यावर बसले आणि म्हणाले, "आता काल सकाळी घरातनं निघालासा तितनं सांगा. सगळं सांगा. कुठं थांबलासा, कुठं पळवली, कुठं शिव्या दिल्या."

बाजूला त्यांचे जोडीदार मेहबूबभाई इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर पुसत होते. मान वर न करता ते म्हणाले, "शिव्या वगळा मामा. न्हायतर दिवस मावळंल."

गौतमरावांच्या या गौरवग्रंथाच्या वाचकांपैकी अनेकांनी त्या खुर्चीवर बसून आपापला प्रवास सांगितलेला आहे. ज्यांनी सांगितलेला नाही त्यांच्या माहितीसाठी लिहितो. श्री. गौतमराव कांबळे, म्हणजे आपले मिस्त्री, यांची ही कामाची रीत आहे. गाडी उघडण्याआधी ते चालकाचे ऐकून घेतात. मध्ये बोलत नाहीत. डोळे अर्धवट मिटलेले असतात. नवख्या माणसास वाटावे की त्यांस झोप लागली. वास्तविक त्या वेळी ते आपल्याबरोबर गाडीत बसलेले असतात, चढाला आपल्याबरोबर गिअर बदलत असतात.

माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले. त्या चार वर्षांत गुरुजींनी जे शुद्ध लिहावयास शिकविले ते मी आजपर्यंत सांभाळले आहे, म्हणून संपादक मंडळाने हा लेख मागितला तेव्हा संकोच केला नाही. संकोच वाटला तो वेगळ्या कारणाने. ते कारण लेखात पुढे येईल.

मी कोल्हापुरातील एका डॉक्टरसाहेबांची गाडी तीस वर्षांहून अधिक काळ चालविली. साहेब दर गुरुवारी गगनबावड्याचा घाट उतरून कोकणातील एका गावी रुग्ण तपासावयास जात आणि सायंकाळी परतत. या काळात माझ्या हातून गाडीवर एक ओरखडा पडला नाही. माझी साठी उलटल्यावर साहेबांनी नवी डिझेल गाडी घेतली. चार सिलिंडरचे, पंधराशे सीसीच्या आतबाहेरचे इंजिन, नव्वद अश्वशक्ती, कॉमन रेल आणि टर्बो. त्यातील शेवटचे दोन शब्द मला नवीन होते. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा, हे मला पुढे कळले.

परंतु घाट चढताना त्या इंजिनाने मला मोहिनी घातली, हे मान्य केले पाहिजे. जुनी गाडी त्या चढाला धापा टाकी. ही गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात, फेऱ्यांचा काटा दोन हजारांच्या पुढे जाताच, पाठीवर कोणी हात ठेवून ढकलावे तशी वर निघे. ढग काचेला घासून जात. दरी कोठे संपते आणि आभाळ कोठे सुरू होते ते समजत नसे. आणि इंजिनाच्या आतून, दूरच्या विहिरीत कोणी फुंकर घालावी तशी, एक बारीक शीळ ऐकू येत राही. मागे साहेब झोपलेले असत. अशा वेळी मला वाटे की मी गाडी चालवीत नसून पांढऱ्या झोपेतून कोणास तरी हलकेच घरी नेत आहे.

तो टर्बो वर्षाच्या आत गेला. शिळेची किंकाळी झाली, मागून निळा धूर निघू लागला, इंजिन तेल पिऊ लागले. एका गॅरेजात नवा टर्बो बसविला. तोही गेला. तिसरा बसविला, आणि काही महिन्यांत त्याचीही शीळ चढू लागली. तेव्हा साहेबांचे चिरंजीव, जे स्वतःही डॉक्टर आहेत, अंगणात मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाबा, इंजिन नवीन आहे, हात जुने आहेत. चौगुलेकाकांना आता विश्रांती द्या." साहेब मला म्हणाले, "दिनकर, हा तिसरा आहे. हाही गेला तर मला विचार करावा लागेल."

मला घरी काही कमी नव्हते. मुले मार्गी लागली होती. परंतु तीस वर्षांच्या नोकरीचा शेवट 'गाडी बिघडविणारा म्हणून काढला' असा व्हावा, हे मला सहन होणारे नव्हते. तो शेवट टाळण्यासाठी मी गौतमरावांच्या दारात आलो होतो.

मी प्रवास सांगितला. कोल्हापुरातून किती वाजता निघालो, घाट कोणत्या गिअरात उतरलो, कोठे डिझेल घेतले, चढाला काटा कोठे होता, सर्व क्रमाने सांगितले. त्यांनी डोळे उघडले.

"घाट चढून वर आल्यावर गाडी बंद केली काय मामा कुठं?"

"नाही. घाट चढलो तो थेट कोल्हापूर."

"च्याला?"

"डॉक्टरसाहेब वाटेत चहा घेत नाहीत."

"मग टर्बो त्या दुःखानंच गेला म्हणायचा," मेहबूबभाई म्हणाले.

त्यानंतर गाडी उघडली. तेल योग्य प्रतीचे होते, वेळेवर बदललेले होते. हवेची गाळणी स्वच्छ. इंजेक्टर चारही ठीक. टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचे नळ घट्ट. शेवटी त्यांनी टर्बोला तेल नेणारी बारीक नळी काढली, उजेडाकडे धरली आणि माझ्या तळहातावर झटकली. काळे खडे पडले. जळून घट्ट झालेल्या तेलाचा तो कोळसा होता. टर्बो दोनदा बदलणाऱ्यांनी नळी मात्र तीच ठेवली होती. गौतमरावांनी टर्बोचा दांडा बोटाने हलवून पाहिला. पेन्सिलीएवढा तो दांडा असतो. "अजून जीव हाय ह्येच्यात," ते म्हणाले. नवी नळी घातली, टर्बो साफ करून परत बसविला. मग हात पुसत म्हणाले, "गुरुवारी मी येतो तुमच्यासंगं."

"कशाला?"

"हवा खायला."

त्या गुरुवारी ते माझ्या शेजारी बसून कोकणात आले. जाताना इंजिनाचा आवाज ऐकत राहिले. सायंकाळी चढ सुरू झाला. धुके होते. शीळ पुन्हा पूर्वीसारखी बारीक आणि गोड झाली होती. माथ्यावर एक लहानसे देवीचे ठाणे आहे. मी नेहमीप्रमाणे गाडी ठाण्यासमोर उभी केली, चावी फिरविली, टोपी काढली आणि उतरून हात जोडले.

ज्या उस्तादांच्या हाताखाली मी स्टिअरिंग धरावयास शिकलो त्यांची शिकवण होती की घाट चढून आल्यावर देवीसमोर इंजिन घरघरत ठेवावयाचे नाही. यंत्राने आणि माणसाने दोघांनीही तेथे गप्प व्हावे. मी ती शिकवण चाळीस वर्षे पाळली होती. मग गौतमरावांनी विचारले तेव्हा मी 'कोठेही बंद केली नाही' असे का सांगितले? मी खोटे बोललो नव्हतो. देवीपुढचे थांबणे मी कधी प्रवासात धरलेच नव्हते. दिवसभरात काय केले असे कोणी विचारल्यास आपण श्वास घेतला हे सांगत नाही, तसे ते होते.

गौतमराव उतरले. चपला काढून एका बाजूस उभे राहिले. त्यांनी हात जोडले नाहीत. ठाण्यापाशी फुले विकणारी एक आजी बसे. ती त्यांस म्हणाली, "पावणं, तुमी न्हाय पाया पडत?"

"आमी बौद्ध हाय आज्जी. मी ह्यांच्या इंजिनाला आलोय."

"मग इंजिनाला तरी सांगा पाया पडाय."

"त्येच सांगायला आलोय की."

साहेब मागे झोपलेले होते. गौतमराव मला ठाण्यापासून थोडे दूर घेऊन गेले. म्हणाले, "मामा, गाडी बंद केलासा ती देवीसाठी?"

"होय. चाळीस वर्षांत मोडलेले नाही."

"मोडू बी नका."

मग माझा हात धरून त्यांनी बॉनेटजवळ नेला. आतून आच येत होती आणि तापलेले लोखंड निवताना होणारी बारीक टिकटिक ऐकू येत होती. अगदी हलक्या आवाजात ते सांगू लागले. "चढानं टर्बो आत लालबुंद झालाय. मिनटाला लाखाच्या वर फिरतोय त्यो दांडा. त्येला धरायला लोखंड न्हाय, तेलाचा पातळ पडदा हाय नुसता. तेल पंप देतोय, पंप इंजिन चालवतंय. तुमी चावी फिरवली की तेल जाग्यावर थांबलं. जे आत ऱ्हायलं ते तापल्या तव्यावर जळावं तसं जळालं. दर गुरुवारी थोडा थोडा कोळसा. जुन्या इंजिनाला ह्ये चालत हुतं, त्येला टर्बोच न्हवता."

मी बॉनेटवरून हात काढला. तीन टर्बोंना मीच मारीत होतो, तेही हात जोडून. मी विचारले, "मग नमस्कार सोडू काय?"

"कोण म्हणतंय? त्या अलीकडच्या वळणाला गाडी हुबी करा. इंजिन चालू ठिवा तीन मिनिटं. दांडा निवंल, तेल फिरंल. मग बंद करा आन चालत या देवीपशी. देवीला आवाज न्हाय, टर्बोला चटका न्हाय."

येथे एक गोष्ट लिहिली पाहिजे. गौतमराव ज्या समाजातून आले त्या समाजातील माणसाने माझ्या नमस्काराविषयी दोन शब्द बोलावे, हे त्या काळी मला खपले नसते. गॅरेजात, चारचौघांत, त्यांनी 'मामा, देवीपुढं गाडी बंद करू नका' असे म्हटले असते तर मी उठून चालू पडलो असतो, आणि नोकरीही गेली असती. त्यांस हे माझ्या तोंडावरून कळले असावे. म्हणून एक दिवसाचे काम बुडवून, पन्नासाहून अधिक किलोमीटर आणि एक घाट माझ्या शेजारी बसून ते आले. जो देव ते मानीत नाहीत त्याच्या दारी त्यांनी चपला काढल्या, आणि माझी रीत न मोडता यंत्र वाचविण्याची वाट शोधली. त्या वेळी मला त्यांच्याविषयी काय वाटत होते ते लिहिताना आज लाज वाटते. तरीही लिहिले आहे.

आम्ही गाडीपाशी आलो तेव्हा साहेब जागे झाले होते. "काय गौतम, सापडलं का?"

"सापडलं साहेब. चढ चढून आल्यावर इंजिनाला विसावा मिळत न्हवता. आता मिळंल."

"दोष कशाचा? कंपनीचा की हाताचा?"

गौतमरावांनी माझ्याकडे पाहिले नाही. म्हणाले, "हात चांगला हाय साहेब. माझी गाडी आसती तर ह्याच हातात दिली आसती."

साहेबांनी अर्थ काढला की दोष कंपनीचा. मी तो अर्थ तसाच राहू दिला.

त्या दिवसापासून दर गुरुवारी अलीकडच्या वळणावर तीन मिनिटे मला लाभली. इंजिन हलक्या आवाजात चालू असे. काचेपलीकडे धुके येई, जाई. कधी माझी आई दिसे, कधी गुरुजींचा हात पाटीवर अक्षर गिरविताना दिसे, कधी काहीच दिसत नसे आणि तेच बरे वाटे. समोर बॉनेटखाली तो दांडा हळूहळू निवत आहे आणि त्याच्याबरोबर दिवसभराची धावपळही निवत आहे, असे वाटे. पुढे मी निवृत्त झालो, गाडीही विकली गेली. विकली तेव्हा तिच्यात तोच तिसरा टर्बो होता.

गौतमरावांची विद्या आता या जिल्ह्यात सर्वांस ठाऊक आहे. रविवारी सकाळी ते चालकांना जमवून एखादा मेलेला टर्बो उघडून दाखवितात. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीचा, थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने का बुजतो, डिझेलच्या गाळणीत पाणी साठले तर इंजेक्टरचे काय होते, नव्या गाड्यांच्या धुराड्यातील काजळीची गाळणी मोकळी राहावी म्हणून अधूनमधून लांबचा फेरा का मारावा, हे सर्व ते खडूने भिंतीवर आकृती काढून सांगतात. भिंतीच्या वरच्या बाजूस बुद्धांचे लहान चित्र आहे. खडू तिथपर्यंत कधी पोचत नाही. खालची भिंत मात्र दर रविवारी भरते आणि सोमवारी पुसली जाते.

त्यांचा एक नियम असा, की जिवंत भाग काढावयाचा नाही. गडहिंग्लजहून एक शिक्षक आले होते. गाडीची ताकद गेली होती, चढाला काळा धूर निघत होता. टर्बो बदलावा लागेल असे त्यांस दोन ठिकाणी सांगितले होते. मी त्या दिवशी गॅरेजात बसलो होतो. गौतमरावांनी त्यांचा प्रवास ऐकला, गाडी चालू करावयास लावली आणि इंटरकूलरच्या रबरी नळावर हात फिरविला. नळ क्लिपेखाली फाटला होता. दाबलेली हवा इंजिनात जाण्याऐवजी बाहेर जात होती.

"ताकद गेली म्हंजे टर्बो गेला आसं न्हाय गुरुजी," ते म्हणाले. "वाटंत गळती आसली तर टर्बोनं तरी काय करायचं?"

"मी आठवडाभर झोपलो नाही हो," शिक्षक म्हणाले.

मेहबूबभाई नळ बसवीत म्हणाले, "मग आता झोपा. फक्त गाडी चालवताना नगं."

निवृत्तीनंतर माझे दिवस लांबू लागले. डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, गाडी चालविणे बंद झाले. एके दिवशी गौतमरावांचा निरोप आला की काम आहे, या. गेलो तर दुरुस्त झालेली एक गाडी उभी होती. मला पुढच्या आसनावर बसवून ते म्हणाले, "मामा, डोळं मिटा. नुसतं ऐका. मला सांगा शीळ बरोबर हाय का." पंचगंगेच्या पुलापर्यंत आम्ही जाऊन आलो. मी म्हणालो, "दुसऱ्या गिअरात थोडी फाटते." त्यांनी गाडी परत आत घेतली, पुन्हा उघडली. तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी मला बोलावणे असते. माझ्यावाचून त्यांचे अडते असा माझा समज नाही. परंतु डोळे मिटून बसलो की तो पांढरा घाट पुन्हा माझ्या बाजूने वर चढू लागतो, आणि अर्धा तास मी पुन्हा कामावर असतो.

आता संकोचाचे कारण.

गौतमराव चालकांना शिकवितात की चढ चढून किंवा भरधाव चालवून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नये, तीन मिनिटे हलके चालू द्यावे. हा नियम या भागातील चालक 'चौगुले मामांची तीन मिनिटे' या नावाने ओळखतात. तो माझ्या नावाने चालविला गौतमरावांनीच. पहिल्या रविवारी भिंतीवर आकृती काढून ते म्हणाले होते, "घाटावर चौगुले मामा तीन मिनिटं थांबत्यात, त्यांचा टर्बो बघा कसा हाय." त्यात एक शब्द खोटा नव्हता. ऐकणाऱ्यांनी मला शोधक ठरविले. राधानगरीकडचे चालक मला वाटेत थांबवून हात मिळवितात. मी तो मान घेतला. इतकेच करून थांबलो नाही. चहाच्या गाड्यावर दहा माणसांत बसून, "पहिले दोन टर्बो म्हणजे मालच हलका होता," असे वर्षानुवर्षे सांगितले. एकदा मी हे सांगत असताना गौतमराव तेथे आले. त्यांनी ऐकले, कप उचलला, चहा प्याले आणि मला विचारले, "मामा, गुडघं कसं हायती?"

या लेखासाठी कागद पुढे ओढला तेव्हा माझ्या ध्यानात आले की त्यांच्या गौरवग्रंथात त्यांचाच नियम माझ्या नावाने छापला जाईल. म्हणून लेखास हात घालण्यापूर्वी मी डॉक्टरसाहेबांकडे गेलो. साहेब आता फारसे बाहेर पडत नाहीत. मी उभा राहूनच सांगितले की ते टर्बो माझ्या हाताने गेले होते, दोष कंपनीचा नव्हता.

साहेबांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "मग गौतमनं मला तेव्हा सांगितलं का नाही?"

"आपण विचारलेत तेवढ्याचे खरे उत्तर त्यांनी दिले. उरलेले उत्तर माझ्याकडे होते."

"एवढी वर्षं?"

"होय."

"बस खाली," साहेब म्हणाले. मी बसलो. त्यांच्यासमोर मी त्यापूर्वी कधी बसलो नव्हतो. "लिही हे. नाव घालून लिही."

लेख लिहून झाल्यावर गौतमरावांना वाचून दाखविला. ते पालथ्या डब्यावर बसून, डोळे अर्धवट मिटून ऐकत होते. मध्ये बोलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "कशाला मामा ह्ये सगळं?" मी म्हणालो, "छापावयाचे आहे." ते म्हणाले, "एका जागी 'थोर' ल्हिवलंय, तेवढं काढा." मी तो शब्द काढला आहे. बाकी काही काढलेले नाही.

तेव्हा सर्व चालकबंधूंना माझी विनंती आहे की यापुढे त्या नियमास माझे नाव लावू नये. चूक चौगुलेंची आणि तीन मिनिटे गौतमराव मिस्त्रींची, अशी नोंद सर्वांनी करून घ्यावी.

गौतमराव एकसष्टाव्या वर्षात पाऊल ठेवीत आहेत. त्यांचे कान असेच तीक्ष्ण राहोत, बोटांतील जाण तशीच राहो, पाठ व गुडघे त्यांस कधी न दुखोत. पत्नी सुमनवहिनींच्या सहवासात, मुलानातवंडांच्या गलक्यात त्यांस पुष्कळ वर्षे निरोगी, निवांत आयुष्य लाभो. पंचाहत्तरीचा ग्रंथ निघेल तेव्हा मी बहुधा नसेन. त्या ग्रंथात हा लेख पुन्हा छापावा, आणि तो नियम ज्यांचा आहे त्यांच्या नावाने चालू आहे की नाही, हे कोणीतरी पाहून घ्यावे.

— दिनकर चौगुले
निवृत्त वाहनचालक, कोल्हापूर